प्रतिदीप्त नॅनोकण आणि रोगनिदान चाचण्यांची संवेदनशीलता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

रोगाचा संसर्ग होणे आणि तो चाचणीत आढळणे या दोन घटना एकाच दिवशी घडत नाहीत. त्यांच्यामध्ये काही दिवसांचे, क्वचित काही आठवड्यांचे अंतर असते. या अंतरास वैद्यकीय व्यवहारात 'विंडो पिरियड' असे म्हणतात. एचआयव्हीच्या संदर्भात या कालावधीचे गांभीर्य प्रकर्षाने लक्षात आले. १९९० च्या दशकातील अभ्यासांनुसार संसर्गानंतर प्रतिपिंड आढळण्यास सरासरी सुमारे २२ दिवस लागत. विषाणूच्या गाभ्यातील पी-२४ हे प्रथिन शोधल्यास हा काळ सुमारे १६ दिवसांवर येई, तर विषाणूचे आरएनए शोधल्यास सुमारे ११ दिवसांवर. या मधल्या दिवसांत एखाद्याने रक्तदान केले तर त्याचे रक्त चाचणीत निर्दोष ठरे आणि दुसऱ्याच्या शरीरात चढविले जाई. म्हणजेच चाचणीची संवेदनशीलता हा केवळ प्रयोगशाळेतील आकड्यांचा विषय नसून तो रुग्णाच्या जीविताशी निगडित असलेला प्रश्न आहे.

संवेदनशीलता वाढविण्यासाठी गेल्या पाऊण शतकात जे उपाय योजले गेले, त्यांत प्रतिदीप्त नॅनोकणांना महत्त्वाचे स्थान आहे. फ्लुओरेसन्स या घटनेसाठी मराठीत अनुदीप्ती, अनुस्फुरण अशाही संज्ञा आढळतात; प्रस्तुत निबंधात 'प्रतिदीप्ती' ही संज्ञा स्वीकारली आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. काही नॅनोमीटरपासून काहीशे नॅनोमीटरपर्यंत आकार असलेल्या कणांचा विचार येथे अभिप्रेत आहे.

या तंत्राचा इतिहास सामान्यतः अधिकाधिक तेजस्वी खुणांच्या शोधाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो अपुरा आहे. तारे दिवसाही तितकेच तेजस्वी असतात, तरीही ते दिसत नाहीत, कारण आकाशच उजळलेले असते. रोगाची खूण शोधणाऱ्या चाचणीचीही अडचण हीच आहे. रक्त, ऊती, प्लास्टिक आणि कागद हे स्वतःही थोडेफार उजळतात. या पार्श्वप्रकाशातून खुणेचा प्रकाश वेगळा कसा काढावा, हा या इतिहासाचा मध्यवर्ती प्रश्न होता, हे दाखविणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

१. प्रतिदीप्तीचा शोध :

१८५२ मध्ये केंब्रिज येथील गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी या विषयावरील आपला प्रसिद्ध निबंध सादर केला. हिवतापावर दिल्या जाणाऱ्या क्विनाइनचे, म्हणजेच कोयनेलचे, द्रावण नळीत भरून त्यांनी ते लोलकाने पसरविलेल्या सूर्यप्रकाशात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवीत नेले. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे ते द्रावण निळसर उजळले. अदृश्य अतिनील किरण शोषून पदार्थ दृश्य प्रकाश बाहेर टाकतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी शोषलेल्या प्रकाशापेक्षा अधिक असते, हा नियमही त्यांनी सांगितला. फ्लुओरस्पार या खनिजाच्या नावावरून त्यांनी या घटनेस 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिले.

पुढे १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ॲडॉल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसीन हा रंग तयार केला. निळीच्या रासायनिक निर्मितीमुळे ज्यांचे नाव भारतीय शेतीच्या इतिहासाशीही जोडले गेले, तेच हे बायर होत. फ्लुओरेसीनची हिरवी चमक अत्यंत विरल द्रावणातही दिसे. मात्र हा गुण रोगनिदानाच्या कामी येण्यास पुढे सुमारे सत्तर वर्षे जावी लागली.

२. प्रतिपिंडाला जोडलेला रंग :

शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थास, म्हणजे प्रतिजनास, नेमके ओळखून चिकटणारे प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. या प्रतिपिंडालाच उजळणारा रंग जोडला तर तो जेथे चिकटेल ती जागा सूक्ष्मदर्शकातून दिसेल, ही कल्पना हार्वर्डचे वैद्य अल्बर्ट कून्स यांची. १९३९ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये असताना संधिवाताच्या तापात हृदयात दिसणाऱ्या गाठींचा विचार करता करता ही कल्पना त्यांना सुचली.

१९४१ मध्ये ह्यू क्रीच व नॉर्मन जोन्स या रसायनशास्त्रज्ञांच्या साहाय्याने कून्स यांनी न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडास अँथ्रासीनपासून बनविलेला रंग जोडला. प्रयोग तत्त्वतः यशस्वी ठरला. परंतु या रंगाची चमक निळी होती आणि प्राण्यांच्या ऊतीही अतिनील किरणांखाली निळसर उजळतात. त्यामुळे खूण आणि पार्श्वभूमी एकमेकांत मिसळून जात. १९४२ मध्ये त्यांनी फ्लुओरेसीनचा अवलंब केला. त्याची हिरवी छटा ऊतींमध्ये सहसा आढळत नसल्याने जंतूंचा प्रतिजन ऊतींत स्पष्ट दिसू लागला. या बदलामागे अधिक तेजस्वी रंगाचा आग्रह नव्हता. पार्श्वभूमीपासून वेगळा दिसणारा रंग त्यांना हवा होता. पुढील सर्व घडामोडींचे बीज या निवडीत आढळते.

३. किरणोत्सार आणि विकर : दोन पर्याय :

ऊतीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे वेगळे आणि रक्तातील एखादे द्रव्य मोजणे वेगळे. रक्तद्रवातील प्रथिने स्वतः प्रतिदीप्त असतात, शिवाय ती प्रकाश विखुरतात. फ्लुओरेसीनने शोषलेल्या आणि बाहेर टाकलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीत अंतरही थोडे असते. त्यामुळे रक्तातील अत्यल्प द्रव्याच्या मापनासाठी प्रतिदीप्ती दीर्घकाळ मागे पडली.

ही उणीव प्रथम किरणोत्साराने भरून काढली. न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीनचा उपयोग करून रक्तातील इन्शुलिन मोजण्याची पद्धत १९५९-६० च्या सुमारास सिद्ध केली. शरीरद्रवात किरणोत्सार नगण्य असल्याने पार्श्वभूमीचा अडसर येथे जवळजवळ नव्हता, हेच या पद्धतीच्या यशाचे मर्म होते. बर्सन यांचे १९७२ मध्ये निधन झाले. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि किरणोत्सारी द्रव्ये अल्पायुषी, ती हाताळण्यास परवाना आवश्यक आणि त्यांची विल्हेवाट जिकिरीची. त्यामुळे ही पद्धत मोठ्या रुग्णालयांपुरती मर्यादित राहिली.

१९७१ मध्ये स्टॉकहोम येथे एव्हा एंगव्हाल व पीटर पर्लमान यांनी आणि स्वतंत्रपणे नेदरलँड्समध्ये बाउके फान वीमेन व आन्टोन स्खूर्स यांनी किरणोत्सारी अणूऐवजी विकर, म्हणजेच एन्झाइम, जोडण्याची पद्धत मांडली. 'एलायझा' या नावाने ती आज सर्वपरिचित आहे. विकराचा एक रेणू पुष्कळ रंगद्रव्य निर्माण करीत असल्याने खूण आपोआप वर्धित होते. १९८५ मध्ये अमेरिकेत एचआयव्हीच्या रक्तचाचणीस मान्यता मिळाली ती याच पद्धतीस. परंतु रंगाची पुसट छटा कोरी की रंगीत, हे ठरविण्याची मर्यादा येथेही उरलीच.

४. तुर्कू येथील मार्ग :

प्रतिदीप्तीला पुन्हा पुढे आणण्याचे कार्य फिनलंडमधील तुर्कू या शहरात झाले. १९७९ मध्ये एर्की सोइनी व इल्का हेमिला यांनी प्रतिदीप्तीवर आधारित चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. तत्त्वतः अतिशय संवेदनशील असलेली ही पद्धत व्यवहारात पार्श्वप्रकाशामुळे अडते, हे त्यांनी नेमकेपणाने दाखविले. त्यांनी सुचविलेला उपाय काळाशी संबंधित होता.

रक्तद्रव, प्लास्टिक किंवा सामान्य रंग यांची प्रतिदीप्ती काही नॅनोसेकंदांत मावळते. युरोपियम या विरल मृदा मूलद्रव्याची काही संयुगे मात्र शेकडो मायक्रोसेकंद, म्हणजे हजारो पटींनी अधिक काळ, उजळत राहतात. म्हणून प्रकाशाचा एक झोत टाकावयाचा, सुमारे ४०० मायक्रोसेकंद थांबावयाचे आणि मग मोजणी करावयाची. तोपर्यंत पार्श्वप्रकाश विझलेला असतो आणि युरोपियमची तांबडी चमक तेवढी शिल्लक असते. शिवाय सुमारे ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषून युरोपियम सुमारे ६१५ नॅनोमीटरचा प्रकाश बाहेर टाकते; तरंगलांबीतील हे मोठे अंतरही उपकारक ठरते.

युरोपियमचा अणू स्वतः प्रकाश फारसा शोषत नाही. त्याच्याभोवती बांधलेला सेंद्रिय रेणू प्रकाश शोषून ती ऊर्जा त्याला देतो, हे अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युएल वाइसमन यांनी १९४२ मध्ये दाखविले होते. कून्स यांचा फ्लुओरेसीनचा प्रयोगही त्याच वर्षीचा. रोगनिदानाच्या क्षेत्रात हे दोन प्रवाह एकत्र येण्यास मात्र सुमारे चार दशके लागली. १९८० च्या दशकात 'डेल्फिया' या नावाने ही पद्धत बाजारात आली आणि नवजात बालकांतील थायरॉइडच्या उणिवेच्या तपासणीसाठी अनेक देशांत वापरली गेली.

५. नॅनोकणांचा प्रवेश :

पार्श्वप्रकाशाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटल्यानंतर खुणेची तीव्रता वाढविण्यास खरा अर्थ प्राप्त झाला. एका प्रतिपिंडावर युरोपियमचे मोजकेच अणू बसविता येतात. त्याहून अधिक बसविल्यास प्रतिपिंडाची ओळखण्याची क्षमता बिघडते. यावर तुर्कू विद्यापीठातील हार्री हार्मा, टेरो सौक्का व टिमो लोव्हग्रेन यांनी नॅनोकणांचा उपाय योजला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात १०७ नॅनोमीटर व्यासाचे पॉलिस्टायरीनचे कण वापरले होते आणि प्रत्येक कणात युरोपियमची ३०,००० हून अधिक संयुगे सामावलेली होती. कणाच्या पृष्ठभागावर प्रतिपिंड बसविलेले असत. म्हणजे प्रतिजनाचा एक रेणू सापडला की त्याच्या जागी हजारो खुणा एकदम उजळत. जुन्या पद्धतीत मोजणीपूर्वी युरोपियम वेगळे करणारे द्रावण घालावे लागे. कणांची मोजणी थेट पृष्ठभागावरच होत असल्याने ती पायरीही वाचली. हे प्रयोग पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाशी निगडित असलेल्या पीएसए या प्रथिनावर करण्यात आले. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढल्यानंतर रक्तातील या प्रथिनाचे अत्यल्प प्रमाणही रोग परतल्याची सूचना देऊ शकते, हे लक्षात घेता या निवडीचे औचित्य स्पष्ट होते.

याच मार्गाने पुढे विंडो पिरियडचा प्रश्न हाताळला गेला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील शिशिंग टांग व इंदिरा ह्यूलेट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, युरोपियम नॅनोकणांच्या साहाय्याने पी-२४ प्रथिन एका मिलिलिटरमध्ये सुमारे ०.५ पिकोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही शोधता येते, असे नमूद आहे. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागाचा हजारावा भाग. विषाणूंची संख्या वाढत असलेल्या सुरुवातीच्या दिवसांत अशी प्रत्येक सुधारणा विंडो पिरियड कमी करते.

मात्र कणांबरोबर पार्श्वभूमी नव्या रूपात परत आली. प्रतिजन नसतानाही काही कण चाचणीच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. एकेका कणात हजारो खुणा असल्याने असा चुकून चिकटलेला कणही तितक्याच प्रखरतेने उजळतो. त्यामुळे कणांचा आकार, त्यांवरील प्रतिपिंडांची दाटी आणि धुण्याची पद्धत यांवर संशोधकांना विशेष परिश्रम घ्यावे लागले.

६. क्वांटम बिंदूंचे आकर्षण आणि मर्यादा :

याच काळात दुसऱ्या एका नॅनोकणाने जगाचे लक्ष वेधून घेतले. रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई एकिमोव्ह यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी काचेतील आणि अमेरिकेतील लुई ब्रूस यांनी द्रावणातील अर्धवाहक कणांचा रंग त्यांच्या आकारानुसार बदलतो हे दाखविले. १९९३ मध्ये मुंगी बावेंडी यांच्या गटाने एकसारख्या आकाराचे कण बनविण्याची पद्धत विकसित केली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातही पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांनी अर्धवाहक नॅनोकणांच्या अभ्यासाची परंपरा निर्माण केली.

१९९८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अमेरिकन गटांनी हे क्वांटम बिंदू जैविक खुणा म्हणून वापरून दाखविले. इंडियाना विद्यापीठातील वॉरन चॅन व शुमिंग नी यांच्या मते ते रोडामीन या प्रचलित रंगापेक्षा सुमारे २० पट तेजस्वी आणि प्रकाशाने विटण्याच्या बाबतीत सुमारे १०० पट टिकाऊ होते. एकाच प्रकाशाने वेगवेगळ्या आकारांचे कण वेगवेगळ्या रंगांत उजळत असल्याने एका नमुन्यात अनेक रोगांच्या खुणा एकाच वेळी शोधण्याची शक्यता निर्माण झाली. परंतु त्यांना उजळविण्यासाठी सामान्यतः वापरला जाणारा अतिनील वा निळा प्रकाश रक्तद्रवालाही उजळवितो. तसेच प्रारंभीच्या कणांत कॅडमियम हा विषारी धातू असल्याने त्यांच्या सुरक्षिततेविषयी आणि विल्हेवाटीविषयी प्रश्न उपस्थित झाले. केवळ तेजस्विता पुरेशी नसते, याचे हे ठळक उदाहरण होय.

७. पार्श्वभूमीवर मात करण्याचे नवे प्रयत्न :

यानंतरच्या प्रयत्नांत तीन दिशा दिसून येतात. पहिल्या दिशेने स्टोक्स यांनी सांगितलेला क्रमच उलटविला. काही विरल मृदा मूलद्रव्ययुक्त कण सुमारे ९८० नॅनोमीटरचे अवरक्त किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. जैविक पदार्थ अशा प्रकारे उजळत नाहीत. त्यामुळे पार्श्वप्रकाश जवळजवळ उरतच नाही. नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी हे कण चाचणीपट्टीवर वापरले. कुष्ठरोगाच्या जंतूंविरुद्धचे प्रतिपिंड व अन्य खुणा मोजण्यासाठी या पट्ट्यांचा अभ्यास बांगलादेशातील रुग्णांच्या व त्यांच्या सहवासातील व्यक्तींच्या नमुन्यांवर झाला. डिसेंबर २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याची राष्ट्रीय पातळीवरील पायरी भारताने गाठली. तरीही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण भारतातच आढळत आले आहेत. महाराष्ट्रात विदर्भाला हा रोग अपरिचित नाही. हातापायांत विकृती येण्यापूर्वीच संसर्ग ओळखणारी चाचणी येथे किती मोलाची ठरेल, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरी दिशा २०२० मध्ये 'नेचर' मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडन येथील बेन्जामिन मिलर, रेचेल मॅककेन्ड्री व सहकाऱ्यांच्या कार्यात दिसते. त्यांनी प्रतिदीप्त नॅनोहिऱ्यांचा वापर केला. सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने या हिऱ्यांची चमक ठरावीक लयीत कमीजास्त करता येते. पट्टीच्या कागदाची चमक मात्र स्थिर राहते. त्या लयीवरून खूण वेगळी ओळखता येते. प्रचलित सोन्याच्या नॅनोकणांच्या तुलनेत संवेदनशीलता सुमारे एक लाख पटींनी वाढल्याचे त्यांनी नोंदविले.

तिसरी दिशा तेजस्वितेची. २०२० मध्येच अमेरिकेतील सेंट लुईस येथील श्रीकांत सिंगमनेनी यांच्या गटाने सोने व चांदी यांच्या नॅनोकणाभोवती रंगाचे रेणू बसवून एकट्या रेणूपेक्षा सुमारे ६,७०० पट तेजस्वी खूण तयार केली. प्रचलित चाचण्यांची रचना न बदलता ही खूण वापरता येते, हे तिचे वैशिष्ट्य. खूण इतकी प्रखर झाली की पार्श्वप्रकाश तुलनेने क्षीण ठरतो; म्हणजे येथेही निर्णायक ठरते ते दोहोंचे परस्पर प्रमाणच.

८. संवेदनशीलतेची किंमत :

अधिक संवेदनशील चाचणी प्रत्येक परिस्थितीत अधिक उपयुक्त असतेच असे नाही. उदाहरणादाखल १,००,००० लोकांच्या समूहात केवळ १० जण बाधित आहेत असे मानू. एखाद्या चाचणीने ते दहाही जण शोधले, परंतु निरोगी व्यक्तींपैकी हजारात एकास चुकून बाधित ठरविले, तर सुमारे १०० निरोगी व्यक्तींवर रोगाचा शिक्का बसेल. म्हणजे बाधित ठरलेल्या ११० जणांपैकी सुमारे १०० जण प्रत्यक्षात निरोगी असतील. कुष्ठरोग किंवा एचआयव्हीसारख्या, समाजात कलंक मानल्या गेलेल्या रोगांत अशा चुकीचे परिणाम कुटुंबालाही भोगावे लागतात. म्हणून संवेदनशीलतेबरोबर विशिष्टताही वाढणे आणि संशयित निकालाची दुसऱ्या पद्धतीने पडताळणी होणे अनिवार्य ठरते.

दुसरा प्रश्न यंत्राचा. मे २०२० मध्ये अमेरिकेत कोविड-१९ च्या पहिल्या प्रतिजन चाचणीस आपत्कालीन मान्यता मिळाली. ती प्रतिदीप्तीवर आधारित होती आणि तिचा निकाल वाचण्यासाठी छोटे यंत्र आवश्यक होते. भारतात मे २०२१ मध्ये मान्यता मिळालेली घरी करावयाची पहिली चाचणी पुण्यातील मायलॅब या कंपनीची होती. तिचा निकाल नुसत्या डोळ्यांनी वाचता येत असे. संवेदनशीलता आणि सुलभता यांतील ताण या दोन उदाहरणांतून स्पष्ट होतो. यंत्र, त्याची देखभाल, वीजपुरवठा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची सोय नसलेल्या आरोग्य केंद्रात पिकोग्रॅमचा अंश शोधणारी चाचणी कपाटातच पडून राहील.

समारोप :

क्विनाइनच्या नळीपासून नॅनोहिऱ्यांपर्यंतचा हा प्रवास सुमारे १७० वर्षांचा आहे. त्यात रंग बदलून, वाट पाहून, प्रकाशाचा क्रम उलटवून आणि चमकेला लय देऊन, अशा विविध मार्गांनी संशोधकांनी खूण पार्श्वभूमीपासून वेगळी काढली. कून्स यांनी निळ्याऐवजी हिरवा रंग निवडला आणि तुर्कू येथील संशोधकांनी क्षणाच्या अल्पांशापुरती प्रतीक्षा केली, या दोन्ही कृतींमागील विचार एकच होता. नॅनोकणांनी या विचाराला मोठे बळ दिले. त्यांनी तो निर्माण केला नाही.

आज कमी अंतराचा विंडो पिरियड, कर्करोगाच्या पुनरागमनाची लवकर मिळणारी सूचना आणि कुष्ठरोगाचे विकृतीपूर्व निदान या गोष्टी तत्त्वतः आवाक्यात आल्या आहेत. त्या प्रत्यक्षात येण्यासाठी चाचणीची किंमत, यंत्राची उपलब्धता आणि चुकीच्या निकालापासून रुग्णाचे संरक्षण या बाबींनाही संशोधनात तेवढेच स्थान मिळणे आवश्यक आहे. प्रयोगशाळेत दिसलेली खूण जेव्हा तालुक्याच्या रुग्णालयातही तितक्याच विश्वासाने वाचता येईल, तेव्हाच या इतिहासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.